म्हणे, येतोच थोडा वास!



आज जरा रागावून लिहिणार आहे. एरवी मी इथे काय लिहितो? कान नदीचा पूर, जुने विद्यार्थी, शाळेची घंटा, फार तर दारातल्या निंबाला फुटलेली पालवी. छत्तीस वर्षं मास्तरकी केल्यावर रागवायचा कोटा संपला असं मला वाटत होतं. गेल्या महिन्यात कळलं की थोडा शिल्लक आहे.

विषय म्हणाल तर अगदी क्षुल्लक. आमच्या गाडीला येणारा जळका वास. "सर, एवढ्याशा गोष्टीवर लेख?" असं तुमच्यापैकी काही जण म्हणतील. आमचा पुतण्या तर नक्कीच म्हणेल. पण एवढीशी गोष्ट म्हणून सोडून द्यायची ही जी आपली सवय आहे ना, तिच्यावरच आज माझा राग आहे. तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

तर झालं असं. निवृत्त झाल्यावर एकोणसाठाव्या वर्षी मी गाडी चालवायला शिकलो. गाडी छोटी, पेट्रोलची. साक्रीहून धुळ्याला महिन्यातून दोन-तीन खेपा, कधी पिंपळनेर, कधी नवापूरला मोठ्या बहिणीकडे, म्हणजे आमच्या अक्काकडे. वर्षातून एकदा धुळ्यातल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये सर्व्हिसिंग करतो. (नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की भांडण त्या एका दुकानाशी होतं आणि बाकीचे सुटतात.) या वेळीही केली. ऑइल बदललं, ऑइल फिल्टर बदलला, ब्रेक साफ केले, गाडी धुऊनपुसून चकाचक. बिल भरलं आणि निघालो.

कुसुंबा गेलं, नेर आलं, आणि सौ. म्हणाली, "अहो, काहीतरी जळतंय."

मी म्हणालो, "शेतात पऱ्हाट्या जाळत असतील."

आता आमच्या खान्देशात पऱ्हाट्यांचा धूर काय नवीन आहे? भरताची वांगी आपण त्याच्यावरच भाजतो. पण सौ.चं नाक पन्नास वर्षं चुलीपासून गॅसपर्यंत सगळ्यांसमोर उभं राहिलेलं. ती म्हणाली, "पऱ्हाट्यांचा वास मला कळतो. हा तेलाचा आहे. कढईत तेल तापून तापून काळं पडतं, तसा."

मी काच खाली केली, वर केली, आणि पुढे निघालो. हे मुद्दाम लिहून ठेवतो. या गोष्टीतला पहिला "काही नाही गं" म्हणणारा माणूस सर्व्हिस सेंटरचा नव्हता. तो मी होतो.

घरी आल्यावर फोन केला. पलीकडचा मुलगा गोड बोलत होता. "सर, सर्व्हिसिंगनंतर येतोच थोडा वास. नॉर्मल आहे. जाईल."

आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तो मुलगा खोटं बोलत नव्हता. ऑइल फिल्टर काढताना जुनं ऑइल थोडं सांडतंच. बऱ्याच गाड्यांत फिल्टरच्या जवळूनच सायलेन्सरचा पाइप जातो, आणि इंजिनातून निघतो तिथे तो काही शे अंश तापतो. त्याच्यावर सांडलेलं ऑइल नीट पुसलं नाही तर पुढचे पाच-पन्नास किलोमीटर जळत राहतं आणि मग संपतं. ब्रेकचे पॅड नवे घातले असतील तर सुरुवातीला त्यांचाही वास येतो. गाडीच्या खाली गंज लागू नये म्हणून काळा लेप मारून घेतला असेल आणि तो पाइपवर उडाला असेल, तर तोही जळतो. ही सगळी निरुपद्रवी कारणं आहेत आणि खरी आहेत.

पण मंडळी, निरुपद्रवी कारण असू शकतं आणि निरुपद्रवी कारण आहे, या दोन वाक्यांत फरक आहे. मी मराठी शिकवायचो, मला हा फरक कळतो. पहिलं वाक्य फोनवर बोलता येतं. दुसरं बोलण्यासाठी गाडीखाली जावं लागतं.

मी चार दिवस थांबलो. वास गेला नाही. पुन्हा गाडी घेऊन धुळ्याला गेलो. तिथे एका साहेबांनी बॉनेट उघडलं, वरून बघितलं, बॉनेट लावलं. म्हणाले, "काका, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता का? या वयात होतं तसं."

या वयात! म्हणजे गाडीला वास येतो तो माझ्या वयाचा!

बरं, क्लच घासला की वास येतो हेही खरं. पण तो वास जळक्या कागदासारखा, आणि चढावर, अर्धा क्लच दाबून धरल्यावर येतो. आमचा वास सपाट रस्त्यावरून येऊन गाडी उभी केल्यावर येत होता. मी हे सांगायला गेलो तर साहेबांचा फोन वाजला. जाताना एका पोऱ्याने प्रेमाने गाडीत सेंटची एक बाटली लावून दिली. फुकट. "वास येणार नाही आता, काका."

आता बोला! घरात उंदीर मेला तर उंदीर काढायचा की उदबत्ती लावायची?

त्या दिवशी नेरपर्यंत येईतो मोगरा आणि जळकं तेल यांचा असा काही मिलाफ झाला की सौ.ने बाटली काढली आणि पिशवीत टाकली. म्हणाली, "तुमचं नाक झाकून ठेवायची सोय केलीय त्यांनी." तिला मी आयुष्यभर व्याकरण शिकवलं, पण इतकं नेमकं वाक्य मला सुचलं नव्हतं.

नाकाची एक खोड असते, तीही सांगतो. एकच वास सतत येत राहिला की थोड्या वेळाने नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. गोठ्यात राहणाऱ्याला गोठ्याचा वास येत नाही, तसं. म्हणजे जळक्या वासाची सवय होऊ शकते. आणि सवय झाली की माणूस म्हणतो, "बघा, गेला वास." वास गेलेला नसतो, नाक दमलेलं असतं.

वास ही निसर्गाने दिलेली घंटा आहे, आणि ती नसेल तर काय होतं याचा एक इतिहास आहे. मी मास्तर असल्यामुळे तो माझ्या मनात घर करून बसला आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये न्यू लंडन नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत १८ मार्च १९३७ रोजी, शाळा सुटायच्या थोडं आधी, प्रचंड स्फोट झाला. सुमारे तीनशे मुलं आणि शिक्षक गेले. इमारतीच्या खाली नैसर्गिक वायू गळून साठला होता आणि त्या वायूला वासच नव्हता. कार्यशाळेतल्या मशीनची ठिणगी पडली असं मानतात. मुलं काही दिवस डोकं दुखतंय म्हणून सांगत होती, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. त्यानंतर तिथे कायदा झाला की वायूत मुद्दाम घाण वासाचं रसायन मिसळायचं. आज आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरला जो कुजकट वास येतो तो गॅसचा नव्हेच. तो मुद्दाम घातलेला आहे, आपल्याला कळावं म्हणून. म्हणजे माणसांनी एवढी किंमत मोजून वास तयार करून घेतला, आणि आपण आलेल्या वासावर सेंट मारतो!

"अहो, पण ती शाळा कुठे आणि तुमची गाडी कुठे!" मान्य. मग गाडीचंच घेऊ. मार्च २०१० मध्ये मुंबईत एक कोरी नॅनो शोरूममधून घरी नेताना रस्त्यातच पेटली होती. माणसं वाचली, पण फोटो सगळीकडे छापून आला होता, आठवत असेल. अशा काही घटनांची चौकशी करून मे २०१० मध्ये कंपनीने सांगितलं की गाडीच्या मूळ रचनेत दोष नाही, त्या त्या गाडीपुरती कारणं आहेत. त्यात बाहेरून जोडलेली विजेची उपकरणं होती, आणि सायलेन्सरच्या भागावर राहून गेलेली परकी वस्तू होती. पुढे नोव्हेंबरमध्ये कंपनीने नॅनोंना जादा संरक्षण फुकट बसवून देण्याची तयारी दाखवली. माझ्या डोक्यात राहिली ती "राहून गेलेली वस्तू". विसरलेलं फडकं, चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवी, सांडलेलं ऑइल. ठेवणाऱ्याला आठवतही नसतं.

असो. आमच्या गाडीकडे येतो.

पुढच्या रविवारी अक्काला नवापूरला पोचवायचं होतं. अक्का एक्क्याऐंशी वर्षांची. वाटेत दहिवेल ओलांडलं की कोंडाईबारीचा घाट, आणि तो रस्ता म्हणजे जुना राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३. सुरतेकडे जाणारे ट्रक रात्रंदिवस. घाटात गाडी बंद पडली तर बाजूला घ्यायचीही पंचाईत. मला धीर होईना. तेव्हा मी जे शाळेत करायचो तेच केलं. वही काढली.

आठ दिवस लिहून काढलं. सकाळी थंड गाडी सुरू केली, वास नाही. दहा मिनिटं चालवली, वास नाही. थांबलो, गाडी सुरूच ठेवली, अर्ध्या मिनिटात वास. एसीची बाहेरची हवा बंद केली, वास कमी. चालू केली, पुन्हा आला. गाडी थांबताच चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला (रिमला हात लावायचा नाही, भाजतो), एकही चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं नाही. रात्री गाडीखाली जुन्या वर्तमानपत्राचे कागद पसरून ठेवले. सकाळी उजव्या बाजूला तीन ठिपके. काळसर, तेलकट.

आणि सर्वांत महत्त्वाचं, जे मी शेवटी बघितलं पण पहिल्या दिवशी बघायला हवं होतं. सपाट जागी, गाडी थंड असताना, डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. ऑइल खालच्या खुणेच्या जवळ. नवं ऑइल घालून बारा दिवस झालेले, गाडी फिरलेली जेमतेम अडीचशे किलोमीटर!

ही वही घेऊन मी हायवेवरच्या एका छोट्या गॅरेजात गेलो. गॅरेजवाला माझा विद्यार्थी. दहावीला मराठीत काठावर पास झालेला. "सर, आधी गाडी थंडी व्हऊ द्या, मंग दखू," म्हणाला. चहा मागवला. तोवर माझी वही वाचत बसला. मंडळी, मी त्याच्या वह्या तपासल्या त्याला चाळीस वर्षं झाली असतील. आता तो माझी तपासत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "सर, अर्धं काम तुम्हीच केलंय. थांबल्यावर वास येतो म्हणजे पुढून येतोय. गाडी पळत असताना वारा तो मागे नेतो. थांबलात की बॉनेटखालून काचेजवळच्या जाळीतून आत शिरतो."

मग गाडी वर घेतली. फिल्टरच्या खालचा भाग ओला, त्याच्या शेजारचा पाइप काळा आणि चिकट. त्याने फिल्टर उघडला, टॉर्च मारला आणि ओरडला, "सर, इकडे या! जुनी रिंग तठेच चिटकेल शे!"

झालं होतं ते असं. ऑइल फिल्टरला एक रबरी रिंग असते. जुना फिल्टर काढताना कधीकधी ती रिंग फिल्टरबरोबर न येता इंजिनालाच चिकटून राहते. काढणाऱ्याने तिथे बोट फिरवून बघायचं असतं. नाही बघितलं तर नव्या फिल्टरची नवी रिंग त्या जुन्या रिंगवर बसते. दोन रिंगा एकावर एक. वरून सगळं घट्ट वाटतं. ऑइल थोडं थोडं पाझरत राहतं, पाइपवर पडतं, जळतं. आणि मग एखाद्या दिवशी, इंजिनावर जोर आला की, ती जोडी सरकते आणि सगळं ऑइल एकदम बाहेर येतं.

"एकदम म्हणजे किती वेळात?" मी विचारलं.

"मिनटा-दोन मिनटांत, सर. लाल दिवा लागेपर्यंत इंजिन गेलं समजा. आणि तापल्या सायलेन्सरवर तेवढं ऑइल सांडलं तर..." त्याने वाक्य पूर्ण केलं नाही. शाळेत वाक्य अपुरं सोडलं म्हणून मी त्याचे मार्क कापायचो.

कोंडाईबारी. रविवार. अक्का मागच्या सीटवर.

त्याने जुनी रिंग काढली, जागा पुसली, नव्या रिंगेला बोटाने ऑइल लावलं, फिल्टर हाताने आवळला, ऑइल भरलं, पाइप साफ केला. गाडी सुरू करून खाली टॉर्च धरून बघितलं. आणि मग जे बोलला त्यासाठी हा लेख लिहितोय. म्हणाला, "सर, पाइपात मुरलेलं थोडं ऑइल अजून जळंल. उद्या-परवा वास येईल, पण रोज कमी झाला पाहिजे. तिसऱ्या दिवशी आला तर गाडी हलवू नका, मला फोन करा."

नीट वाचा. त्यानेही "वास येईल" असंच सांगितलं. सर्व्हिस सेंटरच्या मुलानेही तेच सांगितलं होतं. फरक कशात? याने मुदत दिली. वास कमी व्हायला हवा की वाढायला, ते सांगितलं. आणि मुदतीत गेला नाही तर काय करायचं तेही सांगितलं. आपले जुने डॉक्टर नाही का म्हणायचे, "तीन दिवसांत ताप उतरला नाही तर परत या"? "नॉर्मल आहे" या शब्दापुढे मुदत नसेल तर त्याचा अर्थ एकच होतो, "आता फोन ठेवा."

हेच माझं भांडण आहे. आपल्याकडे मुदत नसलेलं आश्वासन फार स्वस्त झालंय. नळाला गढूळ पाणी येतं, "येतं पहिल्या पावसात." मीटरजवळ ठिणगी उडते, "उडते कधीकधी." म्हाताऱ्याच्या छातीत जळजळतं, "पित्त असेल." प्रत्येक वाक्य दहातल्या नऊ वेळा खरं ठरतं, म्हणून तर ते टिकून आहे. दहाव्या वेळी बोलणारा तिथे नसतो.

कुणी म्हणेल, सर, ती कामाची पोरं बिचारी. दिवसाला इतक्या गाड्या उरकायच्या, पगार तुटपुंजा, उन्हाळ्यात पत्र्याखाली उभं राहायचं. अगदी खरं. मी त्या पोऱ्यावर रागावलेलो नाहीच. चूक माणसाकडून होते. मी फळ्यावर चुका केल्यात आणि पोरांनी त्या दाखवल्यात. माझा राग व्यवस्थेवर आहे. तिथे नट ढिला करणारा हात गिऱ्हाइकाला कधी भेटत नाही, आणि गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या तोंडाने नट कधी ढिला केलेला नसतो. वास आला हे ज्याला सांगायचं त्याला गाडीखालचं माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे त्याच्यापर्यंत वास पोचतच नाही. मधे एक गोड आवाज बसवलेला आहे. त्याचं काम दुरुस्ती नाही, समजूत घालणं आहे.

आणि समजूत घालण्याच्या या कलेत आपण मास्तर लोक काही मागे नव्हतो. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही ते आज सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगा होता. फळ्यावरचं नेहमी चुकीचं उतरवायचा. त्याची आई, शेतमजूर बाई, खाडा करून शाळेत आली. म्हणाली, "सर, याले बराबर दिखत नही." मी म्हणालो, "काही नाही हो, या वयात मुलं लक्ष देत नाहीत. होईल सगळं ठीक." तिने मान डोलावली. मास्तरासमोर ती आणखी काय बोलणार? पुढे आठ महिन्यांनी तपासणीला डॉक्टर आले. मुलाला जाड भिंगाचा चष्मा लागला. त्या आठ महिन्यांत मी त्याला किती वेळा उभं केलं, किती वेळा छडी दिली, ते मोजलेलं नाही. त्या बाईने तिच्या परीने अचूक निदान केलं होतं. ऐकणाऱ्याला पदवी होती, एवढीच अडचण.

म्हणून धुळ्याच्या साहेबांनी जेव्हा "काका, या वयात होतं" म्हटलं, तेव्हा मला अपमानाइतकीच ओळखही पटली. हा आवाज मी वापरलेला आहे.

आता नुसतं रडून उपयोग नाही. मागणी काय ते लिहितो.

सर्व्हिसिंगवाल्यांकडे माझ्या चार मागण्या आहेत. काढलेला जुना फिल्टर, त्याच्या रिंगेसकट, मला दाखवा. रिंग दिसली नाही तर ती कुठे आहे हे विचारायचा मला हक्क आहे. ऑइल किती लिटर घातलं ते जॉब कार्डावर लिहा आणि डिपस्टिक माझ्यासमोर काढून दाखवा, कारण ऑइल कमी वाईट तसंच खुणेच्या वरपर्यंत जास्त भरलेलंही वाईट. गाडी देताना माझ्याबरोबर दहा मिनिटं ट्रायल मारा, आणि परत आल्यावर खालून टॉर्च मारा. आणि गिऱ्हाईक "वास येतोय" म्हणालं तर तोंड उघडायच्या आधी गाडी वर घ्या. माझ्या विद्यार्थ्याला कारण सापडायला, चहा सोडला तर, वीस मिनिटं लागली.

आपल्याकडूनही काही हवंच. वास आला तर तो कशासारखा आहे हे आठवून लिहा. काळ्या पडलेल्या तेलासारखा असेल तर ऑइल. जळक्या कागदासारखा असेल तर क्लच किंवा घासणारा ब्रेक. मग चाकं तपासा, एखादं चाक फार तापलं असेल तर ब्रेक अडकलाय. गोडसर वास आणि काचेवर वाफ असेल तर रेडिएटरचं पाणी, म्हणजे कूलंट गळतंय. जळक्या रबरासारखा असेल तर पट्टा. आणि वायर किंवा प्लॅस्टिक जळल्यासारखा वास असेल तर वहीबिही काही नाही. गाडी बाजूला घ्या, बंद करा, सगळ्यांना उतरवा, लांब उभे राहा. धूर दिसत असेल तर बॉनेट उघडायला जाऊ नका, आत हवा गेली की भडका होतो. ११२ ला फोन करा. गाडी दुसरी मिळते.

आणि बिल घेतल्याशिवाय येऊ नका. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा आमच्यासारख्यांना "ग्राहकाला हक्क असतात" हेच नवीन होतं. १९८६ मध्ये कायदा झाला. आता २०१९ चा नवा कायदा आहे, तो जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तूप्रमाणे सेवेतली त्रुटीही त्यात येते. मागूनही बिल न देणं ही त्यात अनुचित प्रथा धरली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगात करायला फी नाही. १९१५ या नंबरवर आधी नुसतं विचारताही येतं. पण कागद हवा. वास आयोगापुढे ठेवता येत नाही, बिल ठेवता येतं, जॉब कार्ड ठेवता येतं, तारखा लिहिलेली वहीही दाखवता येते.

मी काय केलं? सर्व्हिस सेंटरला साध्या मराठीत दोन पानी पत्र लिहिलं. जुनी रिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली आहे, तिचा फोटो जोडला. तिसऱ्या दिवशी फोन आला. पुन्हा तोच गोड आवाज. "सर, पुढची सर्व्हिसिंग आमच्याकडून फ्री." मी म्हणालो, बाळा, मला फ्री नको. ज्याने फिल्टर बसवला त्याला ही रिंग दाखवा, रागावू नका, फक्त दाखवा. आणि पुढे काय करणार ते मला लिहून कळवा. "हो सर, कळवतो," म्हणाला. मी विचारलं, "कधीपर्यंत?"

पलीकडे शांतता. मग म्हणाला, "विचारून सांगतो."

त्याला आज एकवीस दिवस झाले. मी वहीत लिहून ठेवलंय. महिना झाला की धुळ्याला जाईन, रिंग खिशात घेऊन.

गाडीचा वास दुसऱ्या दिवशी कमी झाला, तिसऱ्या दिवशी गेला. गेला म्हणजे सौ.ने गेला म्हटलं. माझ्या नाकावर मी आता अवलंबून राहत नाही. त्याच्या पुढच्या रविवारी अक्काला घेऊन कोंडाईबारी चढलो. वर एका जागी थांबून डिपस्टिक काढणार होतो, पण अक्का म्हणाली, "आता पुरे कर रे, ऊन लागतंय." मग नवापूरला पोचून, गाडी थंड झाल्यावर काढली. ऑइल वरच्या खुणेला होतं.

कळावे, लोभ असावा.

ता. क. हा मजकूर सौ.ला वाचून दाखवला. ती म्हणाली, "नेरजवळ मी सांगितलं तेव्हाच गाडी थांबवली असती तर लेख लहान झाला असता." हे वाक्य तिच्याच सूचनेवरून घातले आहे.